वर अंडं, खाली अमेरिका

इटलीतल्या एखाद्या पिझ्झेरियात जाऊन 'अमेरिकाना' मागवा. पिझ्झा येतो आणि त्यावर असतात सॉसेजच्या चकत्या आणि मूठभर फ्राइज. होय, बटाट्याच्या तळलेल्या कांड्या, पिझ्झ्यावर. न्यूयॉर्कचा माणूस म्हणेल, काय हे इटालियन खूळ! इटालियन म्हणेल, आमचा काय संबंध, नाव तुमचंच आहे. पोरं दोघांचंही ऐकत नाहीत, ती खात सुटतात.

अमेरिकन खाण्याला नावं ठेवणारे जगात पुष्कळ आहेत. पण अमेरिकेला न विचारता अमेरिकन खाणं तयार करणारे त्याहून जास्त. उत्तर फ्रान्समध्ये 'अमेरिकेन' सँडविच मागितलं की लांबलचक पाव चिरून त्यात खिम्याच्या टिक्क्या घालतात आणि त्याच पावात फ्राइजही कोंबतात. ब्रसेल्समध्ये 'फिले अमेरिकेन' म्हणजे तर बीफचा चक्क कच्चा खिमा, मेयोनीजमध्ये कालवून पावाला फासलेला. ज्या देशात अंडं अर्धकच्चं द्यायचं तरी मेनूकार्डाच्या तळाशी तब्येतीचा इशारा छापतात, त्या देशाच्या नावावर कच्चं मांस! तुर्कस्तानात 'अमेरिकन सॅलड' मिळतं. ते म्हणजे आपल्या लग्नाच्या बुफेत कोपऱ्यात उभं असतं ते रशियन सॅलड. १९५२ साली तुर्कस्तान नाटोत गेला, त्यानंतरच्या शीतयुद्धात बटाटा-वाटाण्यानेही पक्ष बदलला, असं सांगतात. पक्षांतरबंदीचा कायदा भाज्यांना लागू नसावा.

थायलंडमध्ये 'अमेरिकन फ्राइड राइस' आहे. केचपमध्ये परतलेला भात, त्यात बेदाणे, बाजूला तळलेली कोंबडी आणि सॉसेज, वर तळलेलं अंडं. व्हिएतनाम युद्धात थायलंडच्या हवाई तळांवर अमेरिकेचे सैनिक होते, त्यांच्या आगेमागे हा भात रुळला. एका कथेप्रमाणे विमानतळावर न खपलेला अमेरिकन नाश्ता वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी तो भातावर टाकला. ती कथा मला पटते. 'फेकायचं कशाला' या एका वाक्यातून जगात जेवढे पदार्थ निघाले, तेवढे पंचतारांकित शेफच्या प्रतिभेतून निघालेले नाहीत. आपली फोडणीची पोळी दुसरं काय आहे?

हसू नका. आपल्याकडे चॉप्सी आहे.

लाल रंगाची गाडी, तिच्यावर ड्रॅगन, ड्रॅगनच्या शेपटाशी मोबाइल नंबर, आणि फलकावर 'अमेरिकन चॉप्सी'. कुरकुरीत तळलेल्या नूडल्सचं घरटं, त्यावर कोबी-गाजर-सिमला मिरचीचा लालभडक आंबटगोड रस, आणि इथेही वर तळलेलं अंडं. थायलंड आणि आपण एकमेकांना न विचारता एकाच निष्कर्षाला आलो: अंडं ठेवलं की झालं अमेरिकन. शाकाहारी गिऱ्हाईक असेल तर अंडं वजा. आणखी कडक असेल तर कांदा-लसूणही वजा, आणि मग फलकावर लिहिलेलं असतं 'जैन अमेरिकन चॉप्सी'. महावीर, माओ आणि वॉशिंग्टन एका ताटलीत. संयुक्त राष्ट्रांना इतकी वर्षं झाली, त्यांना हे जमलेलं नाही.

या पदार्थाची वंशावळ तर ऐकण्यासारखी आहे. चॉप्सुई वाढली ती अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधून तिकडे गेलेल्या लोकांनी तिथल्या गिऱ्हाइकाच्या जिभेला झेपेल असा भाज्या-मांसाचा कालवा केला आणि तो चिनी म्हणून विकला. पुढे बोस्टनच्या बाजूला लोकांनी 'अमेरिकन चॉप्सुई' काढली. तिच्यात नूडल्स नाहीत, मॅकरोनी आहे, बीफचा खिमा आहे आणि टोमॅटो आहे, आणि ती शाळेच्या कँटीनमध्ये डावाने वाढतात. चीनचा तिच्याशी संबंध नाही. आपल्या चॉप्सीचा चीनशीही नाही आणि बोस्टनशीही नाही. गाडीवरचं भूगोलशास्त्र वेगळंच असतं. शेजवान म्हणजे तिखट, मंचुरियन म्हणजे भजी, अमेरिकन म्हणजे गोड. त्या शाळेत नापास झालेला मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

आइस्क्रीमच्या दुकानात 'अमेरिकन नट्स' मिळतं, 'अमेरिकन ड्रायफ्रूट' मिळतं. शिकागोत जाऊन मागा, दुकानदार सहानुभूतीने बघेल. मॉलमध्ये 'अमेरिकन कॉर्न' कपात घालून वर मीठ, लिंबू, लोणी आणि तिखट. यात अमेरिकन काय, तर दाणा पिवळा आहे आणि भाव चढा.

या सगळ्या पदार्थांची कुंडली मांडली तर बऱ्याच घरांत एकच ग्रह सापडतो: फौज. अमेरिकन खाणं आधी जगात पोचलं ते सैनिकांच्या पाठीवरच्या डब्यांतून. सिऊलच्या उत्तरेला उइजोंगबू नावाचं शहर आहे, तिथे अमेरिकेचे लष्करी तळ होते. कोरियन युद्धानंतर लोक उपाशी होते आणि तळांवर सॉसेज, बीन्स, स्पॅमचे डबे होते. ते भिंतीवरून, मागच्या दाराने, बाजारातून, जसे जमतील तसे बाहेर आले आणि किमचीच्या झणझणीत रश्श्यात पडले. त्याचं नाव 'बुदे-जिगे', तळाचा रस्सा. त्यावर आजही कागदासारखी पिवळी चीजची चकती ठेवतात, आणि त्या शहरात या रश्श्याच्या हॉटेलांची एक आख्खी गल्ली आहे.

स्पॅम म्हणजे मिनेसोटातल्या हॉर्मेल कंपनीने १९३७ साली काढलेला, डब्यात दाबून भरलेला डुकराच्या मांसाचा ठोकळा. नको असलेल्या ईमेलला ज्याचं नाव पडलं, तोच हा. खुद्द अमेरिकेत तो पाहुण्यांपुढे ठेवायची कुणाची छाती होणार नाही. कोरियात चुसोकच्या सणाला त्याच डब्यांची सजवलेली पेटी सासऱ्याला देतात आणि सासरा खूश होतो. उपासमारीच्या काळात ज्याने पोट भरलं, त्याचं कुळ नंतर कोण विचारतो!

जपानने तर अमेरिकेचा ताबा संपल्यावर स्वतःहून दीक्षा घेतली. १९७४ साली केंटकी फ्राइड चिकनने तिथे नाताळची जाहिरात काढली, आणि जिथे ख्रिश्चन हुडकावे लागतात त्या देशात नाताळच्या रात्री तळलेल्या कोंबडीची बादली घरी आणणं ही रीत झाली. लोक आठवडे आधी नोंदणी करतात. दुकानाच्या दारातल्या संस्थापक कर्नलच्या पुतळ्याला सांताक्लॉजचा लाल अंगरखा चढतो. अमेरिकन माणूस नाताळात घरी काहीतरी भाजत बसलेला असतो, त्याला या सणाचा पत्ताच नसतो.

पुढे सैनिकांची जागा दुकानांच्या साखळ्यांनी घेतली, मग जगाने निषेधही करून पाहिला. १९८६ मध्ये रोमला स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडॉनल्ड्स उघडलं तेव्हा निदर्शकांनी रस्त्यात पास्ता वाटला. कार्लो पेत्रिनी या पत्रकाराच्या पुढाकाराने त्यातून 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली. तिचं चिन्ह गोगलगाय. पायऱ्यांजवळचं ते दुकान गोगलगायीच्या वेगाने बंद पडायची वाट सगळे बघत राहिले.

फ्रेंचांचं काम जास्त नाट्यमय. १९९९ मध्ये मियो गावात जोझे बोव्हे या मेंढपाळ शेतकऱ्याने साथीदारांसह बांधकाम चालू असलेलं मॅकडॉनल्ड्स उसकटून टाकलं. कारण ऐका. युरोपने हार्मोन टोचलेल्या जनावरांचं अमेरिकन बीफ घ्यायला नकार दिला, म्हणून अमेरिकेने रोकफोर चीजवर जबर आयातशुल्क लावलं, आणि बोव्हेच्या मेंढ्यांचं दूध त्याच चीजला जायचं. त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि तो तुरुंगात गेला ट्रॅक्टर चालवत. देशाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून हात मोकळे झाले तसे ते बर्गरकडे वळले. आज फ्रान्समध्ये मॅकडॉनल्ड्सची दीड हजारांच्या आसपास दुकानं आहेत आणि अमेरिकेबाहेर कंपनीला इतकं प्रेम फार थोड्या देशांनी दिलं आहे. फ्रेंच माणसाला विचारा, तो म्हणेल मी तिथे जात नाही. सगळेच असं म्हणतात. रांगेत उभं राहून म्हणतात.

आपल्याकडे ते १९९६ मध्ये आलं, दिल्ली आणि मुंबईत, बीफ आणि डुक्कर दोन्ही बाहेर ठेवून. म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय पदार्थातून राष्ट्र काढून घेतलं आणि त्या जागी आलू टिक्की बसवली. २००१ साली अमेरिकेतल्या फ्राइजना गोमांसाचा अर्क लावतात हे एका खटल्यातून बाहेर आलं आणि मुंबई-ठाण्यात दुकानांची मोडतोड झाली. इथल्या फ्राइजमध्ये तसलं काही नव्हतं, पण फुटलेल्या काचेला खुलासा ऐकू येत नाही. तिकडे पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर हिंदू, शाकाहारी आणि इतर संस्थांना देण्याची तडजोड केली. इकडे काचा बसल्या, आणि संध्याकाळी फ्राइज पुन्हा चालू.

आता जगाच्या तक्रारींकडे वळू. पहिली तक्रार अशी की या लोकांचं सगळंच गोड. त्यात तथ्य आहे. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निकाल दिला की सबवेच्या सँडविचचा पाव हा करकायद्याच्या दृष्टीने पाव नव्हेच. कायद्याने साखर पिठाच्या वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत चालते, यात ती दहा टक्के. युरोपभर हशा पिकला. पुण्यातही पिकला. आमटीत गुळाचा खडा, अळूत गुळाचा खडा, चिवड्यावर पिठीसाखर, श्रीखंड-पुरी 'तोंडी लावायला', अशी माणसं अमेरिकन पावाला हसली. आयर्लंडच्या न्यायमूर्तींपुढे आपली आमटी नेली असती तर ती पक्वान्नाच्या करात गेली असती.

दुसरी तक्रार आकाराची. तिकडे सोड्याचे पेले बघून पाहुणा आधी विचारतो, यात पाय बुडवायचे का? न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी २०१२ मध्ये सोळा औंसांहून, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास मापाहून, मोठ्या पेल्यात गोड पेय विकायला बंदी घालायचं ठरवलं. दोन वर्षांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली. मोठा पेला हा तिकडे नागरिकाचा हक्क आहे. पण एक सांगतो: अमेरिकन माणूस अर्धं खातो आणि उरलेलं बिनदिक्कत डब्यात भरून घरी नेतो. आपण अनलिमिटेड थाळीपुढे पैसे वसूल होईपर्यंत उठत नाही, आणि उठायचं म्हटलं की उठवावं लागतं.

चीजबद्दल तर बोलायलाच नको. प्लास्टिकच्या वेष्टनातली पिवळी चकती हे चीजच नव्हे, असं सारा युरोप नाक वर करून सांगतो. ही वितळवून पुन्हा थिजवायची विद्या स्वित्झर्लंडमधल्या थून गावातली, १९११ सालची. क्राफ्टने अमेरिकेत पेटंट घेतलं ते १९१६ मध्ये. स्विस लोक हे सांगत नाहीत, ते घड्याळं दाखवतात. आणि आपण? डबाबंद प्रोसेस्ड चीजवर वाढलेली आपली पिढी. सँडविचवाला काकडी-बीटच्या चकत्यांवर ते इतकं किसतो की आत सँडविच आहे हे विश्वासाने मानावं लागतं. डोशात चीज, पावभाजीत चीज, वडापावात चीज, आणि मग दिवाणखान्यात बसून चर्चा: 'अमेरिकन लोकांना चीजमधलं कळत नाही.'

रूट बिअर मात्र मी माफ करणार नाही. तिच्यात गंधपुऱ्याचा वास असतो, कंबरदुखीच्या मलमात असतो तोच. एक घोट घेतला की वाटतं, पाठ कुठे दुखतेय?

आता एक जुनी गोष्ट, जी बर्गरवाल्यांना माहीत नाही. महाराष्ट्राने अमेरिकेचं अन्न बर्गरच्या चाळीस वर्षं आधी खाल्लं. १९५६ मध्ये पी. एल. ४८० च्या कराराने अमेरिकेचा गहू यायला लागला आणि रेशनच्या रांगेत तांबडा गहू घेऊन एक पिढी मोठी झाली. व्हिएतनामवरून दिल्ली काही बोलली की राष्ट्राध्यक्ष जॉन्सन जहाजं रेंगाळत ठेवायचे. पोळी खायची तर तोंड बंद ठेवून, हा चमत्कार त्यांना घडवून आणायचा होता. त्या गव्हातूनच गाजरगवत आलं अशी लोकांची पक्की समजूत. पन्नासच्या दशकात ते पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलं आणि सत्तेतल्या पक्षाच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. पक्षाचं काय व्हायचं ते झालं, गवत बहुमतात आहे.

मग १९७२ चा दुष्काळ आणि मिलो. लालसर ज्वारी, अमेरिकेत मुख्यतः गुरांना घालतात ती. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांनी तिच्या भाकरी थापल्या आणि पोरांना घातल्या. मराठवाड्यातल्या, सोलापूर-नगरकडच्या सत्तरीच्या माणसाला 'अमेरिकन जेवण' म्हणा. त्याला मॅकडॉनल्ड्स आठवणार नाही, मिलो आठवेल. तो चवीबद्दल जे सांगेल ते छापता येणार नाही.

पण खुद्द अमेरिकन माणूस घरी काय खातो? हा प्रश्न जगात फारसा कुणी विचारत नाही, कारण जे गोठवून खोक्यात भरता येतं तेवढंच आपल्यापर्यंत पोचतं. टेक्सासमध्ये ओकच्या धुरावर अख्खी रात्र ठेवलेलं ब्रिस्केट खोक्यात मावत नाही. मेरीलँडच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात टेबलावर वर्तमानपत्र पसरतात, वाफवलेले, मसाला चोळलेले खेकडे त्यावर ओततात आणि लाकडी हातोड्या घेऊन घरदार तुटून पडतं. मालवणी माणूस तिथे नेऊन बसवला तर तो फक्त एवढंच विचारेल की रस्सा कुठाय आणि हातोडी कशाला, दात आहेत ना.

आणि दक्षिणेकडची राज्यं. अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी. तिकडे सकाळी 'ग्रिट्स' खातात. मोठा शब्द वाटतो; मक्याच्या कण्या आहेत. नववर्षाला चवळी आणि भात करतात, शुभ म्हणून. भेंडीचं कालवण आहे, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आलेलं. आणि गरिबाघरचं रात्रीचं जेवण म्हणजे मक्याची जाड भाकर पेल्यात कुस्करायची, वर गार ताक ओतायचं आणि चमच्याने खायचं. सोबत कच्चा कांदा असला तर उत्तम.

ताक-भाकरी. अमेरिकेत. कांद्यासकट. फरक म्हणाल तर आपण कांदा बुक्कीने फोडतो, ते सुरीने चिरतात. पण या ताक-भाकरीची साखळी दुकानं कुणी काढली नाहीत, कुठल्या रणगाड्यातून ती सिऊलला गेली नाही, तिच्या नाताळच्या जाहिराती निघाल्या नाहीत. म्हणून बार्शीचा माणूस आणि अलाबामाचा माणूस एकमेकांना बर्गर आणि बटर चिकनवरून ओळखतात, आणि दोघांनाही वाटतं, समोरच्याला काही खाता येत नाही.

न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये मुलाकडे आलेल्या आईबाबांची कथा याहून वेगळी नाही. बॅगेत चिवडा, मेतकूट, भाजणी, लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळलेली. महिनाभर आईचा एकच सूर: 'यांच्याकडे जेवण असं नसतंच रे.' मग एखाद्या लांबच्या प्रवासात हायवेवर शाकाहारी काही मिळेना, म्हणून मुलगा टाको बेलमध्ये नेतो. पोळीत राजमा गुंडाळून येतो. आई आधी वास घेते, मग एक घास, मग दुसरा. 'हे बरंय की. आणि ते तिखटाचं पाकीट फुकट का?' परतीच्या बॅगेत त्या सॉसच्या पाकिटांचा गठ्ठा असतो आणि तो मिरजेपर्यंत जातो. टाको बेलचं खाणं मेक्सिकोचं की अमेरिकेचं यावर मेक्सिकन लोक जे म्हणतात ते आईला सांगायची गरज नाही.

अमेरिकनांना आपलं खाणं कसं दिसतं, तेही बघून ठेवा. नान आणि बटर चिकन रोज, दोन्ही वेळा. थालीपीठ, पिठलं, अळूचं फदफदं यांचा त्यांना पत्ता नाही, आणि दोष त्यांचा नाही. खोक्यात नान मावतो, पिठलं सांडतं. मग तिकडे हॉटेल काढणारा आपला उत्साही माणूस वडापाव आणतो. आता तो गोऱ्या गिऱ्हाइकाला समजावायचा कसा? जन्मभर बर्गरला 'हे काय जेवण आहे का' म्हणत आलेला हाच गृहस्थ मेनूकार्डात वडापावाच्या खाली बारीक अक्षरात लिहितो: 'मुंबईचा बर्गर'. आणि ऑर्डर घेताना विचारतो, सोबत फ्राइज देऊ का?